फुल आयर्नमॅन, चार वर्षांची मुलगी आणि रुसलेलं घर: तास मोजताय ते बरोबर, पण कुठले तास?

प्रश्न विचारणारे नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतात, अंबडला कंपनीत नोकरी, बायको बँकेत, मुलगी चार वर्षांची. गेल्या वर्षी गोव्याची हाफ आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल, पळणं एकापाठोपाठ अशा ट्रायथलॉनची निम्म्या अंतराची रेस, साडेसात तासात केली आणि आता पुढच्या वर्षी फुल, म्हणजे पूर्ण अंतराची करायचीये. बायको म्हणते तू आणि तुझी सायकल सुखाने नांदा. तर त्यांना हवंय की फुलसाठी आठवड्याला नक्की किती तास लागतात, आणि बायकोला समजवायचं कसं.

आधी माझं सांगते म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी सीए आहे, कॅनडा कॉर्नरला ऑफिस, वय ४५, मुलगा आठवीत, मुलगी चौथीत, नवरा यातलं काहीही करत नाही, त्याला पोहता पण येत नाही. २०१९ला गोव्यात पहिल्यांदा ७०.३, म्हणजे हाफच, झाली तेव्हा ती केली, त्यानंतर अजून तीन हाफ, आणि दोन फुल, मलेशियातलं लंकावी २०२२ आणि जर्मनीतलं हॅम्बुर्ग २०२४. स्लो आहे मी, पोडियम वगैरे आपला विषय नाही. पण दहा वर्षं हे करतेय आणि घर अजून शाबूत आहे, एवढ्या अधिकारावर लिहितेय.

पहिलं म्हणजे ते "समजवायचं कसं" काढून टाका. तुम्ही ठरवून टाकलंय आणि आता फक्त सही हवीये असा त्याचा अर्थ होतो, आणि वहिनींना तो बरोब्बर कळलेला आहे. मी पण हेच केलं होतं हो, पहिल्या फुलची फी रात्री साडेअकराला अर्ली बर्डच्या नादात भरून टाकली आणि सकाळी चहा देताना सांगितलं. नवरा काही बोलला नाही. पुढचे बारा दिवस काहीच बोलला नाही.

आता तासांचं. हाफला आठवड्याला सात ते दहा तास पुरतात. फुलला सुरुवातीला आठ-नऊ आणि शेवटच्या आठ-दहा आठवड्यात बारा-तेरा, काही जणांचे पंधरा होतात. ३.८ किमी पोहणं, १८० सायकल, ४२.२ पळणं, सगळं सतरा तासात संपवायचं. १८० म्हणजे आपल्या मुंबई नाक्यावरून निघून खरी मुंबई गाठायची आणि वर मुंबईत थोडं फिरायचं, मग सायकल ठेवून अख्खी मॅरेथॉन. साडेसात तासात हाफ केलीत म्हणजे सतरा तासात फुल तुमच्याने होईल, त्यात मला फारशी शंका नाही. तुमची अडचण ती नाहीच.

सगळे एकच हिशोब मांडतात आणि तिथेच घोळ होतो. हिशोब असा की मी पहाटे चारला उठणार, साडेसातपर्यंत सगळं उरकून घरात, सगळे झोपलेले असताना, म्हणजे कुणाचं काहीच गेलं नाही. अहो पण चारला उठणारा माणूस रात्री नऊला झोपतो ना. नाहीतर तो आठवड्याभरात आजारी पडतो. तुमच्या घरी मुलगी किती वाजता झोपते, साडेनऊला? म्हणजे ती झोपल्यावरचा जो तास-दीड तास असतो, ज्यात दोन माणसं दिवसभरात पहिल्यांदा धड बोलतात, ऑफिसमधलं रडगाणं, सासरचं, फीचं, उद्या भाजी काय, तो तुम्ही विकून टाकला. पहाटेचे तास फुकटचे नसतात, ते रात्रीच्या खात्यातनं उचललेले असतात आणि ते खातं जॉइंट असतं, सही मात्र एकाचीच झालेली असते. आम्हाला हे कळायला तीन वर्षं लागली. माझा नवरा कधीच म्हणाला नाही की तू सकाळी नसतेस, तो म्हणायचा तू असूनही नसतेस, आणि मला वाटायचं हा उगाच डायलॉग मारतोय.

दुसरा छुपा खर्च म्हणजे व्यायामानंतर उरलेला माणूस. पाच तासांची राइड वेळापत्रकात पाच तासांची दिसते. खरी ती नऊ तासांची असते. आदल्या संध्याकाळी टायर, बाटल्या, कपडे, "मी आज लवकर झोपते". आल्यावर आंघोळ, समोर येईल ते खाणं, मग सोफ्यावर आडवं, आणि दुपारी पोरं काही म्हणाली की "हो हो बघते" म्हणायचं आणि बघायचं काहीच नाही.

एक प्रसंग सांगते, जरा लाज वाटते तरी. जानेवारी २०२०, मुलगा दुसरीत, कालिदास नाट्यगृहात गॅदरिंग. त्याला वासुदेव केलं होतं, मोरपिसांची टोपी आम्ही दोन रात्री बसून कार्डबोर्डची बनवलेली. मी तेव्हा युरोपातल्या एका फुलसाठी ट्रेनिंग करत होते आणि त्याच दिवशी सकाळी वणीकडे ११० किमी करून आले होते, म्हटलं गॅदरिंग संध्याकाळी सहाला आहे, मधे अख्खी दुपार आहे, काय फरक पडतो. सभागृहात एसी, अंधार, मऊ खुर्ची. पहिले दोन डान्स आठवतात मला. घरी येताना गाडीत मागनं आवाज आला, आई माझा वासुदेव कसा झाला? मी म्हटलं मस्त झाला, एकदम मस्त. तो म्हणाला, टोपी पडली तेव्हा पण? मी गप्प. नवरा गाडी चालवत होता, त्याने मान पण वळवली नाही. टोपी पडली होती म्हणे, याने ती पायाने बाजूला सारून चिपळ्या वाजवत तसंच पुढे केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या हॉलने बघितलं, मी सोडून. आणि ती रेस? ती कोविडमधे कॅन्सल झाली. म्हणजे जिच्यासाठी ते ११० किमी मारले ती रेस झालीच नाही.

त्यानंतर आमच्याकडे जी पद्धत आली ती अजून चालू आहे. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतं ना, ज्यावर दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख लिहितो, त्यावरच. रविवारी रात्री दहा मिनिटं. आधी पेनाने घरचं लिहायचं, पीटीएम, डेंटिस्ट, नवऱ्याच्या मित्राच्या मुलीचं लग्न, आत्याबाईंची पंच्याहत्तरी. मग जे उरेल त्यात पेन्सिलने माझे वर्कआउट. पेनावर पेन्सिल चढवायची नाही. पेन्सिल खोडायचा अधिकार घरात कोणालाही आहे, फक्त आदल्या रात्रीपर्यंत. आणि मोठी राइड असेल तर तिच्या पुढची संध्याकाळ पण माझ्याच नावावर मांडायची, म्हणजे त्या संध्याकाळी कुठलाही कार्यक्रम लावायचा नाही. ऐकायला अगदी बाळबोध वाटतं. पण माझा कोच जे अॅप वापरतो ते घरात कोणी उघडून बघत नाही, कालनिर्णय सगळे बघतात, सासूबाई तर चतुर्थी बघायला रोज बघतात आणि परवा मला म्हणाल्या, अगं गुरुवारी तुझं पळणं आहे ना, मग उपास कशाला करतेस.

रविवारचं तर वेगळं प्रकरण आहे आणि नाशिककरांना हे आवडणार नाही. आपल्याकडे रविवारची ग्रुप राइड म्हणजे पहाटे साडेपाचला जमायचं, सहा वाजता निघायचं, साठ किमी, आणि त्यात तीन तास मिसळ, चहा, फोटो, परत चहा. घरी यायला साडेअकरा. मला मिसळीचं वावडं नाही, पण त्या सहा तासात ट्रेनिंग अडीच तासांचं झालं, बाकीचा कट्टा होता. कट्टा हवाच माणसाला, फक्त तो घरी "ट्रेनिंग" म्हणून खपवू नका. घरच्यांना ते बरोबर कळतं, दुपारी वरण-भात नको म्हणता तेव्हाच कळतं. मी मोठी राइड शनिवारी नेली, एकटी नाहीतर दोघी-तिघी, साडेचारला हायवेला लागायचं, इगतपुरी जाऊन येऊन साधारण नव्वद होतात म्हणजे हाफची सायकल, साडेनऊच्या आत घरात. रविवार पूर्ण मोकळा, पोहणं नाही पळणं नाही काही नाही, मिसळ खायला घरच्यांना घेऊन जाते. फुलच्या ट्रेनिंगमधे पाच-सहा तासांच्या राइड मी एकूण पाचच केल्या, वीस आठवड्यात पाच. लोक दर आठवड्याला करतात. मला वाटतं त्यातल्या निम्म्या इन्स्टावर टाकायला असतात.

तुमची शनिवारी ड्युटी असेल तर वीकली ऑफला टाका, पण मग वहिनींची सुट्टी आणि तुमची लांब राइड एकाच दिवशी यायला नको हे आधी बघा. बँकेला दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असते, ते दोन शनिवार राइड लावायची नाही, सरळ पेनाने लिहून टाका.

आठवड्यातल्या दिवसांचं फार काही नाही. दोन वेळा ट्रेनर, म्हणजे सायकल स्टँडवर बसवून जागच्या जागी चालवायची, तासभर, घरातच. माझ्या अनुभवात ट्रेनरवरचे ७० मिनिटं नीट इंटरव्हल, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू, केले तर बाहेरच्या दोन तासांचं काम होतं, कारण सिग्नल नाही, उतार नाही, गप्पा नाहीत. आणि आपल्याकडे गोव्याच्या रेसचं मुख्य ट्रेनिंग येतं जुलै ते सप्टेंबर, त्र्यंबक रोडला धो धो पाऊस, खड्डे दिसत नाहीत, तेव्हा ट्रेनरला पर्याय नाही. पळणं दोनदा, त्यातलं एक ब्रिक, म्हणजे सायकलवरनं उतरून लगेच वीस मिनिटं. पोहणं दोनदा. तलावाच्या बॅचच्या वेळा आपल्या सोयीच्या कधीच नसतात, मी मुलीला त्याच वेळेच्या बॅचला घातलं आणि प्रश्न सुटला, ती शिकली आणि माझं पण झालं. हे एक डोक्यात ठेवा, तुमची मुलगी अजून वर्ष-दीड वर्षात शिकण्याजोगी होईल. गंगापूरच्या बॅकवॉटरला ओपन वॉटरची प्रॅक्टिस करत असाल तर एकट्याने अजिबात नाही, पावसाळ्यात तर नाहीच, कमरेला केशरी बॉय, म्हणजे तरंगणारा फुगा, बांधलेला हवा आणि काठावर बघणारं माणूस हवं. ते काठावरचं माणूस म्हणून बायकोला नेऊ नका. मी नेलं होतं नवऱ्याला एकदा. सांगितलंच ना त्याला पोहता येत नाही, पाऊण तास बिचारा पाण्यात एक केशरी ठिपका बघत उभा होता, परत येताना एक शब्द नाही.

भीतीबद्दल पुरुष मंडळी बोलतच नाहीत. पहाटे साडेचारला माणूस हायवेवर गेला की तो परत येईपर्यंत घरातलं दुसरं माणूस नीट झोपत नाही, झोपल्याचं दाखवतं. मागे दोन लाल लाइट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, लाइव्ह लोकेशन चालू, आणि जिथनं वळणार तिथनं एक मेसेज. पहिने-घोटीच्या आतल्या रस्त्याला मधे रेंज जाते, तर आधीच सांगून ठेवायचं की अमुक ते अमुक वेळ फोन लागणार नाही. आणि सीए म्हणून सांगते, टर्म इन्शुरन्स आणि मेडिक्लेम आधी, कार्बनची चाकं नंतर. हे वाक्य मी क्लायंटला पण ऐकवते, ते हसतात आणि चाकं घेतात.

जरा विषयांतर, पण बोलते. मला दहा वर्षात किमान शंभर वेळा विचारलंय की मग मुलांचं कोण बघतं, डबे कोण करतं. ग्रुपमधल्या एकाही बाप्याला हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. तुम्ही तो स्वतःच विचारलात, निदान आडून तरी, म्हणून तर एवढं लांबलचक उत्तर देतेय. आमच्याकडे डब्यांचं उत्तर पोळीवाल्या मावशी आहेत आणि त्यांचा पगार मी ट्रायथलॉनच्या खर्चातच धरते. तुमच्याकडे तुम्ही पहाटे बाहेर असता तेव्हा मुलीला उठवणं, दूध, वेणी, व्हॅन हे सगळं वहिनी करून स्वतः साडेनऊला बँकेत पोचतायत. आठवड्यातले निदान तीन दिवस ते पूर्ण तुमचं असू दे, वेणीसकट. "मदत करतो" म्हणू नका फक्त, त्या शब्दाने अजून डोकं फिरतं.

आपल्याकडे लगेच उदाहरण निघतं महाजन बंधूंचं, की बघा डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र, नाशिकचेच, दोघं डॉक्टर असून २०१५ला रेस अॅक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका सायकलने आडवी पार करायची रेस, दोघांच्या टीमने नऊ दिवसांच्या आत संपवली, मग आपल्याला वेळ का मिळत नाही. अहो त्या रेसमधे सायकलवाल्याच्या मागे गाड्या असतात, क्रू असतो, खायला घालणारा वेगळा, रस्ता बघणारा वेगळा, आणि क्रू आधी विचारून ठरवलेला असतो. आपण सगळे घरच्यांना न विचारताच क्रूमधे घेतो. गंमत म्हणजे ही सतरा तासांची भानगड मुळात एका जोडप्याच्या डोक्यातनं निघालीये, अमेरिकन नेव्हीतले जॉन कॉलिन्स आणि त्यांची बायको ज्युडी. १९७८ला हवाईमधे पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. म्हणजे नवरा-बायकोने मिळून वेडेपणा करायची परंपरा आहे, फक्त मिळून.

रेस कुठली निवडायची हे लोक कोर्स बघून ठरवतात, सपाट आहे का, पाणी गरम आहे का. मी कॅलेंडर बघून ठरवते. लंकावी नोव्हेंबरमधे होती, म्हणजे ट्रेनिंगचा कडेलोट सप्टेंबरात, म्हणजे गणपती, त्यात ३० सप्टेंबर टॅक्स ऑडिटची तारीख. मी त्या महिन्यात काय वागले ते ऑफिसमधल्या पोरांना विचारा. आरतीला उभी राहून डुलक्या घेत होते. हॅम्बुर्ग जूनच्या सुरुवातीला, तिथे पाणी गार, वेटसूट लागला, पण मुख्य आठवडे एप्रिल-मेमधे आले, मार्च एन्ड संपलेला, शाळेला सुट्टी, पोरं तीन आठवडे मामाकडे. ऊन होतं, चाळीसला टेकलेलं, पण ऊन परवडतं हो. तुमच्या कंपनीत शटडाउन कधी असतो, बँकेत मार्च आणि सप्टेंबर क्लोजिंगला वहिनी किती वाजता घरी येतात, ते आधी मांडा आणि मग रेस शोधा.

पैशाचं एका दमात सांगते. परदेशातली फुल म्हणजे फी, व्हिसा, तिकीट, सायकलची बॅग, हॉटेल, मला हॅम्बुर्ग एकटीला सव्वातीन लाखाला पडली. तेवढेच पैसे बाजूला काढून त्याच वर्षी चौघं केरळला गेलो, कारण नवऱ्याने शांतपणे विचारलं होतं की ही आपली सुट्टी आहे का तुझी. उत्तर माझी असं होतं.

आणि रेसच्या दिवशी घरच्यांना "चिअर करायला" नेणार असाल तर एक लक्षात घ्या, गोव्याला मिरामारच्या वाळूवर सकाळी सहाला चार वर्षांच्या मुलीला उभं केलंत तर तिला शेकडो टोप्या दिसतील, त्यातली बाबाची कुठली ते कोणालाच कळत नाही, आणि मग तुम्ही तीन-चार तास सायकलवर गायब. त्यांना झोपू द्या, नाश्ता करून निवांत पळण्याच्या वेळेला येऊ द्या. फुलला तर तुम्ही रात्री संपवणार. मला लंकावीला पावणेपंधरा तास लागले, फिनिशला आले तेव्हा मुलगी वाळूत टॉवेलवर गाढ झोपलेली, अजून म्हणते की मला उठवलं का नाही.

मग करायची का पुढच्या वर्षी? मी तुमच्या जागी असते तर नाही. मुलगी सहाची होईपर्यंत वर्षाला एक हाफ, आठवड्याला आठ तासांवर, त्यात रात्रीचा तो तास आठवड्यातनं चार दिवस शाबूत. मग फुल, वीस आठवडे, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख दोघांनी बसून ठरवलेली, आणि संपल्यावर दोन महिने काहीही नाही, सायकल पुसायची पण नाही. घर वीस आठवडे काढतं. ज्याला शेवटची तारीखच नाही असं काही कोणी काढत नाही, तुम्ही ईएमआय तरी असा घ्याल का? हा माझा हिशोब झाला. वहिनींचा वेगळा असू शकतो, कदाचित त्या म्हणतील की एकदाच कर आणि मोकळा हो. विचारून बघा, पण बोलताना एंट्रीचं पेज उघडं ठेवू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला, टीटी सायकल, म्हणजे पुढे वाकून वारा कापत चालवायची खास रेसची सायकल, घ्यावी का. आत्ता नको, आहे त्या रोड बाइकला एअरोबार, म्हणजे कोपर टेकून वाकायचे पुढचे दांडे, लावा. उरलेल्या पैशातनं ट्रेनर घ्या, खाली जाड रबरी मॅट टाका नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका पहाटे पाचला बेल वाजवतील. आणि ट्रेनर कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली ठेवू नका. मी ठेवला होता, तीन महिने नवऱ्याच्या सगळ्या पांढऱ्या शर्टांना बाहीवर चेनचं काळं लागत होतं आणि तो बिचारा इस्त्रीवाल्याशी भांडत होता.